मावशीचा पोझिशन चार्ट (माझा अनुभव, इंदूर)

सगळ्यात आधी हे. तुमचं कोणी अंथरुणाला खिळलेलं असेल आणि महिन्याचे पैसे मोजून केअर होममध्ये ठेवलं असेल तर तिथला पोझिशन चार्ट बघायला मागा. पेशंटला कधी कुठल्या कुशीवर वळवलं, कोणी वळवलं, ते त्यात लिहायचं असतं. साधारण दर दोन तासांनी वळवावं लागतं, नाहीतर एकाच जागी दाब पडून जखम होते, तिलाच बेडसोर म्हणतात. सगळं नीट चाललंय तेव्हाच मागा, कारण जखम झाल्यावर मागितला की तो कागद कसा गायब होतो ते मी बघितलंय आणि तो राग अजून डोक्यातून गेलेला नाही.

माझी मावशी 81 वर्षांची, शाळेतून रिटायर झालेली, लग्न केलं नाही, सगळा जन्म रामबागेत गेला. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं पण नंतर उठलीच नाही. मी सुदामा नगरला, घरात सासूबाईंचं आजारपण, भाऊ पुण्याला, म्हणून बायपासकडच्या एका होममध्ये ठेवली. नाव लिहीत नाही, प्रकरण अजून चालू आहे.

मे महिन्यात गेले तर हिच्या पायात मोजे. इंदूरचा मे, पंखासुद्धा गरम हवा फेकतोय आणि मोजे! विचारलं तर अटेंडंट म्हणाली "दादी को ठंड लगती है". मी काढले तर दोन्ही टाचा काळ्या पडलेल्या, आणि कूस वळवली तर माकडहाडावर जखम, वास येत होता. त्याआधीपण गोष्टी खटकत होत्या, म्हणजे जीभ कोरडी, पाणी दिलं की घटाघटा पिणं, दुपारी चार वाजतासुद्धा गुंगीत, ब्लाउज ढगळ झालेलं, आणि भेटायला गेलं की कोणीतरी शेजारी उभंच. आम्ही मराठीत बोललो की ती बाई लगेच "हिंदी में बोलो ना दादी, हमको भी समझे". मावशी शेवटी माझा हात धरून हळूच मराठीतच म्हणाली, "रात्री बेल वाजवली की काढून घेतात गं." दंडावर बोटांचे निळे वळ होते ते मग दिसले.

फोटो तिथल्या तिथे काढा, आधी माणसाला विचारून. जखमेशेजारी नाणं किंवा पट्टी ठेवा म्हणजे आकार कळतो, आणि चेहरा दिसेल असा एक वेगळा.

मावशीला मी त्याच संध्याकाळी हलवलं. डॉक्टरांनी ग्रेड तीनचा बेडसोर, म्हणजे कातडीच्या खालपर्यंत गेलेला, म्हणून लिहिलं, जागा आणि सेंटीमीटरसकट. हे लिहून घ्याच, नुसतं "बेडसोर" लिहिलं तर उपयोग नाही.

आता मॅनेजर. हा माणूस अत्यंत गोड बोलणारा, चहा मागवणार, आणि म्हणणार "मैडम, उम्र हो गई है, ये तो होता ही है." अर्धं खरं आहे ते, म्हणून जास्त चीड येते. खूप थकलेल्या शरीराला चांगली सेवा करूनही बेडसोर होऊ शकतो असं आमच्या डॉक्टरांनीपण सांगितलं. पण मग प्रश्न हाच उरतो ना, की वळवत होतात का, लाल झालं तेव्हा दिसलं का, ड्रेसिंग केलं का, आम्हाला कळवलं का. याचं उत्तर त्या चार्टातच, म्हणून मी चार्ट मागितला. तर फाइल ऑडिटरकडे. मग मोठे साहेब आले की. मग ज्या सिस्टरकडे कपाटाची चावी ती गावाला. मग म्हणे घरच्यांना दाखवायचा नियम नाही. मी म्हटलं हॉस्पिटलला रेकॉर्ड मागितलं की 72 तासांत द्यावं लागतं, 2002 च्या मेडिकल कौन्सिलच्या नियमात आहे, तर हसून म्हणतो "मैडम, हम हॉस्पिटल थोड़ी हैं." अहो, दर महिन्याच्या बिलात "नर्सिंग चार्जेस" वेगळे लावता, बोर्डावर नर्सिंग लिहिता, आणि कागद मागितला की तुम्ही नुसता वृद्धाश्रम? मी ती सगळी बिलं काढून टेबलावर ठेवली. ढिम्म. भाऊ फोनवर म्हणतोय सोड, मावशी सुखरूप आहे ना, कशाला तोंड वाजवतेस. तिथेच बसून त्याचा फोन कट केला.

आमच्या इथले एक रिटायर्ड वकील आहेत, त्यांनी एक गोष्ट सांगितली ती कामाची निघाली. मध्य प्रदेशात 1973 चा उपचर्यागृहांचा, म्हणजे नर्सिंग होमचा, कायदा आहे, आजारी-दुर्बळ माणसांना ठेवून उपचार आणि शुश्रूषा करायची असेल तर रजिस्ट्रेशन आणि लायसन्स लागतं, ते सीएमएचओकडून, म्हणजे जिल्ह्याच्या मुख्य आरोग्य अधिकाऱ्याकडून, मिळतं. तर मी तोंडी भांडणं बंद केलं आणि एक साधं पत्र लिहिलं, की चार्ट, औषधांचा चार्ट आणि ड्रेसिंगची नोंद यांच्या प्रती द्या, आणि तुमचा रजिस्ट्रेशन नंबर कळवा. खाली मावशीचा अंगठा आणि "माझ्या वतीने भाचीला द्यावे" अशी ओळ. तिला सही जमत नाही पण डोकं शाबूत आहे. ही ओळ विसरू नका, नाहीतर "आप कौन होती हैं, बेटी तो हैं नहीं" ऐकावं लागतं. स्पीड पोस्टने पाठवलं, पावती जपली. त्याच्या दोन प्रती घेऊन मंगळवारी मोती तबेल्याला कलेक्टर ऑफिसच्या जनसुनवाईत (तिथे लोकांच्या तक्रारी ऐकतात) गेले, एकीवर शिक्का घेतला. शिवाय 14567 ला फोन केला, ती ज्येष्ठांची एल्डरलाइन, सकाळी आठ ते रात्री आठ, फुकट. त्यांनी होमला फोन लावला म्हणे.

रजिस्ट्रेशन नंबर आजतागायत नाही आला. चार्ट मात्र आला! ऑडिटरकडून, गावाला गेलेल्या सिस्टरकडून, कुठून आला देव जाणे. सगळी पानं एकाच निळ्या पेनाने, एकाच अक्षरात, रात्रंदिवस दर दोन तासांनी "करवट बदली", "करवट बदली". आणि ज्या दिवशी मी मावशीला डोळ्यांच्या डॉक्टरकडे अँब्युलन्सने नेलं होतं, सकाळी नेऊन संध्याकाळी आणलं, त्या दिवशी दुपारीसुद्धा तिची करवट बदललेली! माझ्याकडे अँब्युलन्सची पावती होती. खरं सांगते, मला हसू आलं, आणि थोडा अभिमानपण वाटला.

हं, आणि जुनी बिलं, औषधांच्या पावत्या फेकू नका, त्यांच्यामुळेच हे जमलं.

ठाण्यातपण गेले. भारतीय न्याय संहितेचं कलम 357 आहे, असहाय माणसाची सेवा करायचा करार केला आणि ती मुद्दाम केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पोलिसांनी अदम चेक (अदखलपात्र तक्रारीची नोंद) लिहून घेतला, प्रत दिली. लोक ज्येष्ठ नागरिकांचा 2007 चा कायदा सुचवतात, पण एसडीएमपुढचं (उपविभागीय अधिकाऱ्यापुढचं) ते ट्रायब्युनल मुख्यतः मुलांनी, वारसांनी पोटगी देण्याबद्दलचं आहे, होमविरुद्ध तिथे फार काही हाती लागत नाही. पैसे देऊन सेवा घेतली असेल तर ग्राहक आयोग, दोन वर्षांच्या आत, आणि दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही.

मावशी आता माझ्याकडे, एअर बेडवर, सासूबाईंच्या शेजारच्या खाटेवर. जखम भरतेय पण हळू. अंडं खात नाही, पनीर आणि डाळीवर चाललंय. डिपॉझिट त्यांनी अजून दिलेलं नाही, ते ग्राहक आयोगाच्या अर्जात घातलंय, चार्टाचं ते पान आणि अँब्युलन्सची पावती जोडून.