सुती कपड्यांनी खाज गेली का?

"तुम्ही सगळे कपडे सुती केलेत, त्याने खाज खरोखर गेली का? आणि आपल्याकडच्या पावसात ते वाळवता कसे?" शाळेतल्या सहशिक्षिका हे विचारतात, एसटीत शेजारी बसलेल्या बायका विचारतात, पालकसभा संपल्यावर एखादी आई मुलाचे कोपर पुढे करून विचारते. उभ्या उभ्या दिलेले उत्तर नेहमी अर्धवट राहते, म्हणून ते आज नीट लिहून काढते. खाज पुष्कळ कमी झाली, पूर्ण गेलेली नाही. आणि सुती कपडे विकत घेण्यापेक्षा ते कोरडे ठेवणे कितीतरी कष्टाचे निघाले.

मी मालवण तालुक्यात राहते आणि माध्यमिक शाळेत शिकवते. नोकरीची पहिली वीस वर्षे मी सिंथेटिक साड्याच नेसत आले. धुतलेली साडी पडवीत टाकली की बघता बघता वाळत असे, इस्त्री लागत नसे, एसटीच्या गर्दीतून उतरल्यावरही ती चुरगळलेली दिसत नसे. चार महिने पाऊस असलेल्या मुलखात ही सोय लहान नव्हे. चाळिशीनंतर मात्र काखेच्या कडा, कोपराची आतली घडी, मानेचा मागचा भाग आणि कमरेचा पट्टा एवढ्या ठिकाणी पुरळ येऊ लागले. घामोळे समजून मी आधी पावडर लावली, मग औषधाच्या दुकानातून कुणाला न दाखवता एक मलम आणले. चार दिवसांत पुरळ बसले आणि मलम थांबवताच दुप्पट उसळले. त्यात स्टिरॉइड होते, हे मला नंतर कळले. आपल्या दमट हवेत नायट्यावर अशी मिश्र मलमे लावून तो चिघळवून घेतलेली माणसे मी घरोघर पाहते, म्हणून हे मुद्दाम लिहिते. खाज नायट्याची, इसबाची की कपड्याची, हे डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे. नायटा असेल तर तो कापड बदलून बरा होत नाही.

त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी माझा हात वर करून काख पाहिली आणि लगेच म्हणाल्या की मधला खळगा स्वच्छ आहे, पुरळ फक्त कडांवर आहे, म्हणजे कपडा जिथे घासतो तिथेच आहे. डिओडरंटचा त्रास असता तर बहुधा खळग्यात दिसला असता. त्यानंतर पॅच टेस्ट झाली. संशयित पदार्थ भरलेल्या पट्ट्या पाठीवर चिकटवून ४८ तास ठेवतात, त्या काढल्यावर एकदा आणि पुढे दोन दिवसांनी पुन्हा त्वचा पाहतात. तोवर पाठ भिजवायची नसते. माझ्या पाठीवर एका गडद निळ्या रंगद्रव्याच्या जागी लाल चकंदळ उठले होते. पॉलिस्टर ज्या रंगांनी रंगवतात त्यांना डिस्पर्स रंग म्हणतात. ते धाग्याशी रासायनिक बंधाने जोडलेले नसून धाग्यात नुसते मुरलेले असतात. घाम आणि घर्षण यांमुळे त्यांतला थोडा अंश त्वचेवर उतरतो, आणि त्यांपैकी डिस्पर्स ब्लू १०६ व १२४ हे दोन निळे रंग अ‍ॅलर्जीसाठी विशेष ओळखले जातात. माझ्या कपाटात नेव्ही ब्लू आणि काळ्या साड्याच जास्त होत्या.

रंग हे एक कारण. दुसरे कारण घाम, आणि ते अ‍ॅलर्जी नसलेल्यांनाही लागू आहे. प्रमाणित हवेत, म्हणजे ६५ टक्के आर्द्रतेत, कापूस स्वतःच्या कोरड्या वजनाच्या सुमारे ८ टक्के पाणी धरून ठेवतो, लिनन सुमारे १२ टक्के, आणि पॉलिस्टर अर्धा टक्काही नाही. पॉलिस्टर घाम पीत नाही, त्यामुळे साध्या दाट विणीच्या साडीखाली तो त्वचेवरच साचतो, आणि ज्यांना इसब आहे त्यांना हा साचलेला खारट घामच खाजवतो. आमच्या शेजारच्या काकी हे एका वाक्यात सांगत: "बाय, अंगाक लागता ता कापड घाम पिणारा होया." सुताची दुसरी बाजूही सांगायला हवी. ते घाम पिते, पण प्यायलेला घाम लवकर सोडत नाही. भिजलेला जाड सुती कपडा अंगाला चिकटून राहिला तर त्याचाही त्रास होतो. म्हणून कापड सुती असण्याइतकेच ते पातळ, सैल आणि दिवसातून दोनदा बदलता येण्याजोगे असावे लागते. मे महिन्यात शाळेच्या कामासाठी गेले तरी घरी आल्यावर आधी अंगावरचे कपडे बदलते, मग चहा.

माझी सर्वांत मोठी चूक अस्तराची होती. साड्या बदलल्या, ब्लाउज सुती शिवून घेतले, तरी काखेतली खाज हटेना. शेवटी एक ब्लाउज उलटा करून खिडकीत धरला, तर आतले अस्तर चकचकीत, बोटांत सरकणारे. शिंपीदादांनी नेहमीचेच अस्तर लावले होते आणि मी विचारले नव्हते. माझ्या कातडीला लागत होते ते अस्तर. वरच्या सुती कापडाचा तिच्याशी संबंधच येत नव्हता. आता अस्तराचे कापड मी स्वतः देते, एकदा धुऊन. परकराचीही हीच गोष्ट. कमरेचे इलास्टिक काढून रुंद नाडी घातली आणि ती सैल बांधू लागले, कारण नाडी काचली तर तिनेही काळा पट्टा पडतो. शिलाईचा दोरा तर बहुतेक पॉलिस्टरचाच असतो, म्हणून घरातले कुर्ते मी शिवण बाहेर ठेवून घालते.

'प्युअर कॉटन' म्हणून घेतलेल्या एका कुर्त्याबद्दल शंका आली, तेव्हा शिवणीच्या आतून उभे आणि आडवे धागे वेगवेगळे ओढून काढले, चिमट्यात धरले आणि पाण्याची वाटी शेजारी ठेवून निरांजनावर नेले. उभा धागा कागदासारखा जळला आणि त्याची मऊ राखाडी राख झाली. आडवा धागा आक्रसत गेला, वितळला आणि त्याचा काळा, टणक मणी झाला. गार झाल्यावर तो नखाने फुटेना. ताणा सुताचा होता, बाणा पॉलिस्टरचा. या परीक्षेलाही मर्यादा आहे, कारण व्हिस्कोस, म्हणजे लाकडाच्या लगद्यापासून काढलेला धागा, तोही सुतासारखाच जळतो. 'बांबूचे कापड' म्हणून जे मिळते तेही बहुतांशी व्हिस्कोसच असते. मऊ असते, पाणीही चांगले पिते, वापरायला हरकत नाही, फक्त तो लगद्यावर रसायनांची प्रक्रिया करून काढलेला धागा आहे हे जाणून घ्यावे. खादी भांडारातसुद्धा पॉलीवस्त्र या नावाने पॉलिस्टरमिश्रित कापड असते, तेव्हा तिथेही विचारूनच घ्यावे. आणि न चुरगळणारे सुती कापड मी टाळते, कारण ती सोय बहुधा रेझिनच्या प्रक्रियेतून येते आणि त्यातून सुटणारे फॉर्माल्डिहाइड हे रसायन काहींच्या त्वचेला चालत नाही.

महागडे रेशमी अंतर्वस्त्र घ्यावे का, असेही विचारतात. ब्रिटनमध्ये इसब असलेल्या ३०० मुलांवर सहा महिने अभ्यास झाला आणि २०१७ साली तो प्रसिद्ध झाला. नेहमीच्या उपचारांच्या जोडीला खास रेशमी कपडे देऊनही इसबात वेगळा फायदा दिसला नाही. ते पैसे मी मलमलीवर आणि डॉक्टरांनी सांगितलेल्या ओलावा टिकवणाऱ्या साध्या मलमावर घालीन. नवे कापड मात्र दोन-तीनदा धुऊन, खळ पूर्ण काढूनच अंगाला लावावे. तान्ह्या बाळाला नव्या कापडाऐवजी जुनेर वापरायची आपली रीत त्वचेच्या दृष्टीने अगदी योग्य आहे. गणवेश टेरिकॉटचा असलेल्या मुलांना मी आत पातळ सुती बनियन किंवा स्लिप घालायला सांगते.

आता पाऊस. आर्द्रता ९० टक्क्यांच्या पुढे गेली की सूत हवेतलेच पाणी ओढून घेते, म्हणून श्रावणात कपाटातला वाळलेला कपडाही हाताला गार लागतो. दोन दिवस तसाच राहिला तर कुबट वास येतो, पुढे बुरशीचे काळे ठिपके पडतात, आणि असा कपडा घालण्यापेक्षा माझी जुनी नायलॉनची साडी बरी, असे मी प्रामाणिकपणे म्हणेन. पावसाळ्यासाठी मी जाड कापड पूर्ण बंद केले. धुताना साबण कमी घेते आणि एकदा जास्त खळबळवते, कारण राहिलेला साबणही खाजवतो. पिळलेला कपडा कोरड्या पंच्यात गुंडाळून पुन्हा दाबते, मग पडवीतल्या वलणीवर एकेक कपडा सुटा, उलटा करून घालते आणि रात्रभर पंखा लावते. सकाळी शिवणी आणि नाडीचा नेफा चिमटीत धरून पाहते. तिथे ओल उरतेच, ती इस्त्रीने काढते. वीज गेली तर पंचाईत होते, म्हणून आतल्या कपड्यांचे सहा जोड ठेवले आहेत.

जुन्या साड्यांपैकी दोन ठेवल्या आहेत. लग्नकार्यात त्या नेसते, पण आत कोपरापर्यंत बाह्यांचा सुती ब्लाउज आणि घोट्यापर्यंत सुती परकर असतो, आणि घरी आल्यावर तासभरही अंगावर ठेवत नाही. गणपतीत मोदकांच्या वाफेपुढे उभे राहून कोपराच्या घडीत खाज परत येते. त्या रात्री गार पाण्याने हात धुऊन, मलम लावून, बाह्या कापलेला जुना मलमलीचा कुर्ता घालून झोपते. गौरी जाईपर्यंत ती बसलेली असते.