कार्बन फायबरच्या कोपऱ्याला कान लावताना

कार्बन फायबरची पट्टी म्हणजे धाग्यांचे एकावर एक चिकटवलेले थर. पट्टी सपाट असेल तर सुटलेला थर अल्ट्रासाउंडने सापडतो. एल आकाराचा कोपरा समोर आला की पंचाईत होते. प्रोबचा किरण पृष्ठभागावर काटकोनात पडला तरच प्रतिध्वनी नीट परततो, आणि जेमतेम साडेसहा मिमी त्रिज्येच्या वळणावर तो कोन सतत बदलत राहतो. शिवाय पीएच.डी.च्या कामात मला थर सुटल्यावर नव्हे, सुटतानाच कळायला हवं होतं. म्हणून अकूस्टिक एमिशन. नमुन्यावर लोड द्यायचा आणि आत तडा जाताना उठणाऱ्या लहरी पृष्ठभागावरच्या सेन्सरने पकडायच्या.

चाचणी एएसटीएम डी ६४१५ या प्रमाणित पद्धतीप्रमाणे: चार रोलरमध्ये एल धरून कोपरा उघडायचा. वळण सरळ व्हायला बघतं आणि थर एकमेकांपासून ओढले जातात. त्या दिशेला धागे नसतातच, सगळा भार थर चिकटवणाऱ्या रेझिनवर.

सेन्सरचं बूड सपाट, त्यामुळे तो वळणावर बसत नाही. म्हणून एलच्या दोन्ही पायांवर, म्हणजे सपाट बाजूंवर, ग्रीस लावून सेन्सर बसवले. मग पेन्सिलचं ०.५ मिमीचं २एच शिसं पृष्ठभागावर टेकवून मोडायचं. जगभर सेन्सरची तपासणी अशीच होते. आमच्या कोपऱ्यावरच्या स्टेशनरीवाल्याकडे मात्र एचबीच मिळायचं, २एचसाठी गावभर हिंडले. एका पायावर शिसं मोडलं की वळणापलीकडे आवाज किती क्षीण होतो, तेही यातच कळतं.

पहिल्या चाचण्यांत लोड चढायच्या आधीच स्क्रीनवर ठिपक्यांचा पाऊस, एकेक ठिपका म्हणजे पकडलेला एकेक आवाज. मी रेझिनला दोष देत होते. मशीन चालवणाऱ्या काकांनी फिक्स्चरवर हात ठेवला आणि म्हणाले, “ताई, तुमचा तुकडा काही बोलत नाहीये. रोलर कुरकुरतोय.” रोलरखाली टेफ्लॉनची टेप लावली, रोलरजवळ पहाऱ्याचे जादा सेन्सर बसवले. ज्या आवाजाची वर्दी आधी त्यांच्याकडे, तो बाद. पाऊस बराच ओसरला.

आवाज नेमका कुठून आला हे ठरवणं सगळ्यात जिकिरीचं. दोन सेन्सरवर तो पोचण्याच्या वेळांतल्या फरकावरून जागा काढतात. पातळ पत्र्यात लहर दोन रूपांत धावते: एक वेगवान पण दुबळी, दुसरी संथ पण जोरकस. थर सुटताना दुसरी जास्त उठते. जवळच्या सेन्सरवर वेगवान लहर ४० डेसिबलचा थ्रेशोल्ड, म्हणजे नोंद होण्याची किमान पातळी, ओलांडते, लांबच्यावर फक्त संथ. सॉफ्टवेअर दोन्ही एकच लहर समजून वेळांची वजाबाकी करतं आणि तडा भलतीकडेच दाखवतं. त्यात वेग धाग्यांच्या दिशेप्रमाणे बदलतो. शेवटी महत्त्वाच्या लहरी एकेक उघडून सुरुवात डोळ्यांनी ठरवली. कंटाळवाणं काम, पण पर्याय नव्हता.

अमुक वारंवारिता म्हणजे रेझिनचा तडा, तमुक म्हणजे थर सुटणं, असे तक्ते शोधनिबंधांत भरपूर आहेत. माझा त्यांच्यावर फार विश्वास नाही. १५० किलोहर्ट्झला घुमणारा सेन्सर लावला तर बहुतेक सगळं १५० च्या आसपासच ऐकू येणार! मला लोड उतरवून पुन्हा चढवणं जास्त भरवशाचं वाटलं. शाबूत नमुना आधीच्या कमाल लोडपर्यंत जवळपास गप्प राहतो, याला कायझर परिणाम म्हणतात. आधीच्या लोडच्या खालीच कुरबुर सुरू झाली तर आत काहीतरी निसटलंय. कडेला आधीच व्हाइटनरचा पातळ हात दिलेला असायचा. भिंग लावलं की वळणाच्या साधारण मध्यावर, जाडीच्या आत, केसाएवढी काळी रेघ दिसायची.

वेगवेगळ्या दिशांचे थर असलेले नमुने मोडण्याआधी बराच वेळ कडकडायचे, कारण आडव्या थरांत आधी तडे जातात. एकाच दिशेच्या धाग्यांचे मात्र जवळपास चिडीचूप. मग एकच फाटकन आवाज, लोड कोसळतो, आणि क्षणात अनेक थर सुटलेले असतात. सरांना प्रबंधाच्या शीर्षकात ‘पूर्वसूचना’ हवी होती. या नमुन्यांपुरती तरी मी ती घालू दिली नाही.