मान जपायची की हलवायची : शस्त्रक्रियेनंतरचे सात आठवडे

२९ नोव्हेंबर २०२४ रोजी, शुक्रवारी दुपारी, मी रुग्णालयातून बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घरी परतले, तेव्हा गळ्याभोवती मऊ कॉलर होती, कॉलरखाली उजव्या बाजूला चारेक सेंटिमीटरची आडवी पट्टी होती आणि मानेच्या पाचव्या व सहाव्या मणक्यांमध्ये, झिजून सरकलेल्या माझ्या चकतीच्या जागी, धातूच्या दोन तबकड्या आणि त्यांच्यामध्ये टणक प्लास्टिकची गादी अशी कृत्रिम चकती बसवलेली होती. दोन दिवसांपूर्वीपर्यंत जो उजवा हात खांद्यापासून अंगठ्यापर्यंत जळत असे, तो शुद्धीवर आल्यापासून शांत होता. त्यामुळे अवघड भाग संपला, आता फक्त पडून राहायचे, असे मी समजून चालले होते. पुढच्या सात आठवड्यांत हीच समजूत मला सर्वांत जास्त नडली.

मी ग्रंथालयात काम करते. वीस वर्षे खाली वाकून नोंदी केल्या आणि वर पाहून कपाटांतून पुस्तके काढली. गेल्या वर्षी अंगठा आणि तर्जनी बधिर होऊ लागली, मग हातातून पुस्तके निसटू लागली. औषधे, शेक आणि व्यायाम यांत तीन महिने गेले. मनगट मागे उचलण्याची ताकद कमी झाली, तेव्हा एमआरआय झाला आणि मानेतून हाताकडे जाणाऱ्या सहाव्या मज्जातंतूवर चकती दाबली गेल्याचे दिसले. डॉक्टरांनी दोन मार्ग सांगितले. एक जुना, १९५० च्या दशकापासून चालत आलेला: खराब चकती काढून तिथले दोन मणके कायमचे जोडून टाकायचे. दुसरा, त्या जागी हलणारी चकती बसवायची. एकच चकती खराब असणे, मागचे छोटे सांधे शाबूत असणे आणि हाडे भक्कम असणे या तिन्ही गोष्टी माझ्या बाजूने होत्या, म्हणून दुसरा मार्ग ठरला.

घरच्यांच्या, आणि खरे तर माझ्याही, लक्षात हा फरक पुरता उतरलेला नव्हता. आमच्या ओळखीत मानेची शस्त्रक्रिया झालेले एकच गृहस्थ होते, समोरच्या वाड्यातले काका. बारा वर्षांपूर्वी त्यांचे मणके जोडले होते आणि तीन महिने त्यांनी कडक कॉलर वापरली होती. मी घरी आल्याच्या दुसऱ्याच दिवशी ते ती कॉलर पिशवीत घालून, पुसून वगैरे, घेऊन आले. "ही मऊ कॉलर म्हणजे मफलर आहे, तिने काय होणार?" असे म्हणून त्यांनी ती माझ्या उशाशी ठेवली. कोणाच्या प्रेमाला नाही म्हणणे एरवीही कठीण, आणि माझा तर आवाजच बसलेला होता.

आवाज बसणे आणि गिळताना अडखळणे या दोन गोष्टींची कल्पना मला आधी दिली होती, परंतु कल्पना असणे वेगळे आणि पाण्याचा पहिला घोट घेणे वेगळे. ही शस्त्रक्रिया मानेच्या पुढून होते. अन्ननलिका आणि श्वासनलिका हळूच बाजूला सारून मणक्यापर्यंत पोहोचतात, त्यामुळे काही दिवस घशात गोळा अडकल्यासारखे वाटते. पहिला आठवडा मी गुरगुट्या भात, तूप, मुगाचे वरण आणि रव्याची खीर यांवर काढला. हनुवटी किंचित खाली घेऊन लहान घोट घेतला की सोपे जाते, हे मला परिचारिकेने सांगितले होते आणि ते खरे ठरले. गोळ्यांचे मात्र जमेना. माझ्या यजमानांनी एक गोळी खलबत्त्यात कुटण्याची तयारीही केली होती. सुदैवाने आधी औषधांच्या दुकानात फोन करून विचारले, तेव्हा कळले की त्या गोळीवर पोटात विरघळू नये म्हणून आवरण असते आणि ती कुटता येत नाही. मग ती सायीच्या दह्यात बुडवून गिळली.

ती गोळी कशाची हे कळल्यावर मला पहिल्यांदा काका आणि मी यांच्यातला फरक नीट समजला. ती सूज कमी करणारी गोळी होती आणि दोन आठवडे चालू ठेवायची होती. मणके जोडलेल्या रुग्णांना तीच अनेकदा टाळायला सांगतात, कारण तिथे हाड लवकर जुळावे अशी इच्छा असते. माझ्या बाबतीत चकतीभोवती नको तिथे हाड वाढून ती पुन्हा जखडली जाऊ नये, ही काळजी होती. म्हणजे काकांच्या मानेत जे घडावे म्हणून डॉक्टर झटले, नेमके तेच माझ्या मानेत घडू नये म्हणून झटत होते. हे मी कागदावर लिहून सासूबाईंना दाखवले. त्यांनी चष्मा लावून वाचले आणि म्हणाल्या, "असेल. पण कॉलर काढू नकोस."

सासूबाईंना ऐकू कमी येते आणि माझा आवाज कुजबुजण्यापलीकडे जात नव्हता, तेव्हा आमचे संभाषण कसे चालले असेल याची कल्पना करावी. हाक मारण्यासाठी मी देवघरातली घंटा मागितली. ती मिळणार नाही हे मला माहीतच होते. स्टीलच्या पेल्यावर चमचा वाजवण्यावर तडजोड झाली. आवाज तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी हळूहळू उघडला.

झोपण्याबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण त्याबद्दल मला कोणी पुरेसे सांगितले नव्हते. आमच्याकडे उशा कापसाच्या, जाड आणि टणक. त्यांवर मान पुढे ढकलली जाते. दोन रात्री तळमळल्यावर मी चादरीची चार पदरी घडी डोक्याखाली आणि हातपुसण्याची गुंडाळी मानेच्या पोकळीत अशी रचना केली. उठताना सरळ उठून बसायचे नाही. आधी ओंडक्यासारखे पूर्ण कुशीवर वळायचे, पाय पलंगावरून खाली सोडायचे आणि हाताने रेटा देत वर यायचे. जमिनीवरच्या गादीवरून हे साधत नाही, म्हणून मुलाचा पलंग मी ताब्यात घेतला. हात शांत असला तरी दोन्ही खांद्यांच्या फळ्यांमध्ये मात्र सुरीसारखी कळ येत असे. चपटी झालेली जागा चकतीने पुन्हा उंचावली, की मागचे सांधे आणि स्नायू ताणले जातात आणि त्यांना काही आठवडे हे नवे माप मानवत नाही, असे त्याचे स्पष्टीकरण मिळाले. शेकाची पिशवी त्या जागी ठेवून मी पडून राहत असे.

अंघोळीची बादली स्टुलावर ठेवली. केस धुण्यासाठी पुढे वाकायचे नव्हते, तेव्हा दहाव्या दिवशी माझ्या बहिणीने मला ताठ उभे करून, लहान मुलाला घालावी तशी, अंघोळ घातली.

दोन किलोपेक्षा जास्त वजन उचलू नये, अशी सूचना होती. दोन किलो म्हणजे घरात काय, हे कोणालाच नेमके ठाऊक नव्हते, म्हणून यजमानांनी वजनकाटा काढून एक दिवस स्वयंपाकघराची मोजदाद केली. लोखंडी तवा चालणारा होता, भरलेला कुकर चालणारा नव्हता. पिठाचा डबा, पाण्याची कळशी, ओल्या कपड्यांची बादली आणि सासूबाईंची पोथ्यांची पेटी हे सगळे बाद. न चालणाऱ्या वस्तूंवर मुलाने लाल टिकल्या चिकटवल्या. त्या टिकल्या पाहून भेटायला आलेल्या एका बाईंनी हे कुठले व्रत आहे, असे विचारले.

कॉलर एका आठवड्यानंतर, फक्त रिक्षातून जाताना वापरावी आणि घरात काढून ठेवावी, असे कागदावर स्पष्ट लिहिलेले होते. मी ती पंधरा दिवस काढली नाही. त्यानंतर दिवसा काढली तरी रात्री पुन्हा लावत असे आणि काका येताना दिसले की घाईने लावत असे. कॉलर नसली तरी मान मी कॉलरमध्ये असल्यासारखीच धरून ठेवी. मागून कोणी हाक मारली तर सगळी वळत असे, गणपतीची मूर्ती पाटासकट फिरवावी तशी. धातूची वस्तू आत बसवलेली आहे आणि आपण मान वळवली की ती निसटेल, ही भीती कोणत्याही तर्काने जात नव्हती.

तिसऱ्या आठवड्यात फिजिओथेरपिस्ट बाई घरी आल्या. त्यांनी माझे खांदे दाबून पाहिले आणि गुजरातीत म्हणाल्या की मान वाचवता वाचवता तुम्ही खांदे गहाण टाकले आहेत. मग समोर बसून त्यांनी सांगितले, "बेन, डोक फेरवो." गुजरातीत डोक म्हणजे मान. सासूबाईंचा जन्म बडोद्यातला असला तरी त्यांच्या कानांवर त्या क्षणी फक्त मराठी डोके पोहोचले, आणि त्या चिडून म्हणाल्या, "डोकं फिरवा काय? आधीच फिरलंय तिचं, म्हणून तर ही नवी गादी बसवून घेतली!" मला हसू आले. हसताना मान आपोआप उजवीकडे झुकली, आणि काहीही निसटले नाही. बाईंनी ते बरोबर टिपले आणि तेवढीच मान आणखी नऊ वेळा वळवून घेतली.

त्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ दहा वेळा डावीकडे आणि दहा वेळा उजवीकडे, कळ येईल त्याच्या अलीकडे थांबून, असा क्रम सुरू झाला. मान मागे टाकायची नव्हती. ती परवानगी सहा आठवड्यांनंतरच्या क्ष-किरण तपासणीवर अवलंबून होती. चालणेही वाढवायचे होते. आमच्या घरापासून सुरसागर जवळ असल्याने पहाटे, वाहने सुरू होण्याआधी, मी यजमानांबरोबर तळ्याकाठच्या रस्त्याने चालू लागले. तळ्याच्या मध्यावर १११ फुटांची महादेवाची मूर्ती आहे. चालताना दर वीस पावलांनी तिच्याकडे पाहायचे, म्हणजे मान वळते, ही माझी युक्ती. परंतु गोल फिरताना मूर्ती एकाच बाजूला राहते आणि एकाच बाजूला मान वळते. उलट फेरी घ्यावी, तर घरी सासूबाईंना उलटी प्रदक्षिणा कशी सांगायची? शेवटी सांगितले. त्या क्षणाचाही विलंब न लावता म्हणाल्या, "शंकराची प्रदक्षिणा पूर्ण करायचीच नसते. सोमसूत्री घाल. अर्ध्यातून परत यायचं." माझी फिजिओथेरपी इतक्या नेमकेपणाने शास्त्रात बसलेली पाहून मला वाद घालायला काही उरले नाही. जाताना उजवीकडे, येताना डावीकडे, असा नेम ठरला आणि त्यानंतर कॉलरबद्दल त्यांनी एक शब्द काढला नाही.

काकांना मात्र पटवणे बाकी होते. ते माझ्या मुलाने केले. कृत्रिम चकतीचा शोध वाचताना त्याला कारिन ब्यूटनर-यान्त्स या जर्मन शल्यविशारद सापडल्या होत्या. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये त्यांनी जिम्नॅस्टिक्समध्ये दोन सुवर्णपदके मिळवली, पुढे त्या डॉक्टर झाल्या आणि पूर्व बर्लिनच्या शारिटे रुग्णालयात कुर्ट शेलनाक यांच्यासह कमरेच्या मणक्यांसाठी हलणारी चकती घडवली. ती १९८४ मध्ये पहिल्यांदा रुग्णाला बसवली गेली. मानेची चकती नंतरची, पण कल्पना तीच. "ज्या बाईने आयुष्यभर पाठ वाकवली, तिला मणके जोडून टाकणं कसं आवडेल, काका?" असे त्याने विचारले. काका थोडा वेळ गप्प राहिले. मग त्यांनी त्या बाईंची पदके कोणत्या प्रकारात होती हे विचारले आणि आपली कॉलर घरी नेली.

८ जानेवारीला क्ष-किरण तपासणी झाली. एक चित्र मान पुढे झुकवून, एक मागे नेऊन. मागे नेताना माझे हात घामेजले होते. पडद्यावर दोन्ही चित्रे शेजारी लावली, तेव्हा तबकड्यांमधली फट एका चित्रात पुढून निमुळती आणि दुसऱ्यात मागून निमुळती दिसत होती, म्हणजे चकती हलत होती. पुढे डॉक्टरांनी बरेच काही सांगितले, परंतु माझे लक्ष त्या फटीवर होते. हाताची कळ आधी जाते, ताकद त्यानंतर येते आणि बधिरपणा सर्वांत शेवटी, तोही कधी पूर्ण जात नाही, एवढे ऐकले. अंगठ्याचे टोक अजून कागदाची कड नीट ओळखत नाही. स्कूटर आणि हेल्मेट तीन महिने बंद. ग्रंथालयात आठव्या आठवड्यापासून अर्धा दिवस, संगणकाचा पडदा डोळ्यांच्या रेषेत, आणि पुस्तक मांडीवर नाही. त्यासाठी सासूबाईंनी पोथीची लाकडी ठवणी मला दिली आहे. ती टेबलावर ठेवली की नोंदवही बरोबर समोर येते.

सहा दिवसांनी उत्तरायण आले. बडोद्यात त्या दिवशी मान वर न करता गच्चीवर थांबणे कोणालाही अवघड. पतंग उडवायला मला मनाई होती, फिरकी धरायला नव्हती. यजमानांनी आरामखुर्ची वर नेली, कारण तिच्यात पाठच मागे कलते, आकाश समोर येते आणि मानेला वेगळे वळावे लागत नाही. थोड्या वेळाने काका आले, खुर्चीकडे बराच वेळ पाहत राहिले आणि मग खाली जाऊन आपली आणली. बारा वर्षे ते उत्तरायणाला गच्चीच्या कठड्याला पाठ टेकून, सगळे धड मागे झुकवून पतंग पाहत असत. मुलाची फिरकी माझ्याकडे, त्यांच्या नातवाची त्यांच्याकडे, मध्ये तिळगुळाचा डबा, असे आम्ही दोघे संध्याकाळी पाचपर्यंत बसलो होतो. सकाळचा व्यायाम त्या गडबडीत राहून गेला होता, तेव्हा रात्री मान चांगलीच आखडली आणि शेकाची पिशवी पुन्हा बाहेर निघाली.