मोटर चाकात की पेडलपाशी?

शिकारीला जायच्या जंगलवाटांसाठी इलेक्ट्रिक सायकल घ्यायची ठरली, तेव्हा मी नुसते मोटरचे वॉट, म्हणजे तिची ताकद, बघत होतो. पहिल्याच खड्या चढावर कळलं, वॉटवर काही ठरत नाही. मागच्या चाकातली हब मोटर सपाटीवर छान पळते. पण दगडगोट्यांत वेग पडला की तिचा दम जातो, वर ती तापते. पेडलपाशी बसवलेली मिड-ड्राइव्ह मोटर गिअरमधून जोर लावते, म्हणून सावकाश चढतानाही खेचत राहते. ८०-९० न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, असला तर पाठीवर सामान घेऊनही चढ निघतो. चेन मात्र लवकर झिजते, ते धरूनच चालायचं.

बॅटरीचं गणित सोपं. ४८ व्होल्ट गुणिले १५ अँपिअर-अवर म्हणजे ७२० वॉट-अवर. एवढी ऊर्जा बॅटरीत मावते. कडाक्याच्या थंडीत तेवढी हाती लागत नाही, म्हणून मी निम्मी परतीसाठी राखतो. जड सायकल चार्ज संपल्यावर ढकलणं म्हणजे शिक्षाच!

टायर ४ इंची घेतले. हवा १० पीएसआयपर्यंत उतरवली की ओल्या पाल्यात ते पसरतात, पकड घेतात.

आणि आवाज. शिकारीला निघालेल्याने हे आधी तपासावं. मोटर जवळजवळ मुकी असते, पण उतारावर पेडल थांबवलं की फ्रीव्हील, म्हणजे पेडल थांबलं तरी चाक फिरू देणारा मागचा भाग, टिकटिकू लागतं आणि झाडीतल्या हरणाचे कान तत्क्षणी वळतात. शेवटचा टप्पा मी पायीच जातो. शिकारीला परवानगी असलेल्या जंगलातही काही पायवाटांवर मोटरच्या सायकलींना बंदी असते. तो नियम निघण्याआधी विचारून घ्या.