अँबॅसिडरला मागे डिस्क, आणि खाली तोंड करून बसलेलं निप्पल

आधीच सांगून टाकतो, मागचे ड्रम ब्रेक काढून डिस्क लावल्याने गाडी भयंकर लवकर थांबायला लागली असलं काही झालेलं नाही. ब्रेक मारला की वजन पुढे जातं, मेन काम पुढचीच चाकं करतात, आणि माझ्या ८६ च्या मार्क फोरला पुढे डिस्क, बूस्टर आणि टँडम मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की ब्रेक ऑइल दोन वेगळ्या लाइनींत ढकलणारा) दोन वर्षांपूर्वीच बसवलं होतं. मग मागचा खटाटोप कशाला, तर पावसाळ्यासाठी. आम्ही राजापूरचे, अर्जुना आणि कोदवलीचं पाणी जवाहर चौकात आलं नाही असा पावसाळा आठवायलाच लागेल, आणि त्या पाण्यातून गाडी काढली की मागचे ड्रम भरतात, पुढचे दोन-चार ब्रेक रामभरोसे, एक चाक धरतं आणि दुसरं नुसतं फिरतं. शिवाय हँडब्रेक ओढून चार दिवस पावसात उभी केली की लायनर ड्रमला चिकटून बसायचे. पहिला गिअर टाकला की मागून ठाक्क, आई ओटीवरून विचारायची, "काय मोडलंस रे आता?"

किट ऑनलाइन मागवलं. विकणाऱ्याचं नाव घेत नाही, पण "डायरेक्ट फिटिंग" म्हणून दिलेल्या ब्रॅकेटची भोकं ॲक्सलच्या फ्लँजला तीन-चार एमएमने चुकलेली. मिस्त्री म्हणाला फाईल मारून ओव्हल करू. म्हटलं अजिबात नाही, ब्रेकचा सगळा पीळ त्या चार बोल्टांवर येणार. जुनी बॅकिंग प्लेट नमुन्याला घेतली, अणस्कुरा घाट चढून कोल्हापूर गाठलं आणि उद्यमनगरात लेथवाल्याकडून १० एमएम प्लेटचे नवीन ब्रॅकेट करून आणले. हब काढलेच होते म्हणून ऑइल सीलही बदलले. तेवढं प्लीज कराच, डिफरन्शियलचं ऑइल पॅडवर आलं तर डिस्क काय आणि ड्रम काय, सारखंच. डिस्क बसवून डायल गेज लावला तर ०.३ एमएम डगमग, आता डिस्क वाकडी म्हणून परत पाठवायची की काय असं वाटलं, पण हबच्या तोंडावर जुना गंज आणि रंगाचा थर होता, तो पॉलिश पेपरने घासल्यावर ०.०८ वर आली.

खरी गंमत हँडब्रेकची. किटचे कॅलिपर (पॅडांनी डिस्क चिमटीत धरणारा भाग) हँडब्रेकच्या लिव्हरवाले, त्यांचा पिस्टन सी-क्लॅम्पने दाबून आत जात नाही, फिरवत फिरवत दाबावा लागतो (मिस्त्रीने दाबून बघितलाच, नशीब रबर फाटलं नाही). आणि केबल पाट्याच्या यू-बोल्टला घासत होती, म्हणून आम्ही लई हुशारी करून डावा कॅलिपर उजवीकडे आणि उजवा डावीकडे लावला. केबल झकास बसली. मग ब्रेकच्या लाइनमधली हवा काढायला घेतली. संध्याकाळी पाच ते रात्री नऊ, मी आत बसून पंप मारतोय, मिस्त्री खाली कॅलिपरचं निप्पल, म्हणजे हवा काढायचा स्क्रू, सोडतोय, अर्धा लिटर ऑइल गेलं आणि पेडल आपलं स्पंजसारखं. मास्टर सिलिंडर गेला असणार असं ठरवून मी किंमती बघायलाही लागलो होतो.

गॅरेजमध्ये टॉर्च धरायला एक पोरगा असतो, असेल सतरा-अठराचा. तो म्हणाला, "दादा, हवा वर जाणार ना? मग निप्पल खाली कसं?"

मिस्त्री आणि मी दोघंही गप्प. साइड बदलल्यावर निप्पल खाली गेलं होतं आणि हवा कॅलिपरच्या वरच्या पोटात मजेत बसली होती. मग कॅलिपर सोडवून हातात धरला, पॅडांच्या मध्ये डिस्कच्या जाडीची फळी, निप्पल वर, आणि पाच मिनिटांत पेडल दगड. दर वेळी हवा काढताना आता हीच कसरत.

दुसऱ्या दिवशी दहा किलोमीटर गेलो तर मागून जळका वास. ड्रमवाल्या लाइनमध्ये मास्टर सिलिंडरच्या तोंडाशी एक चेक व्हॉल्व असतो, पाय काढला तरी लाइनमध्ये थोडं प्रेशर धरून ठेवतो, ड्रमला ते लागतं, डिस्कला लागलं की पॅड घासत राहतात. तो काढला. मागच्या लाइनला ॲडजस्ट होणारा प्रपोर्शनिंग व्हॉल्व (मागच्या ब्रेकचं प्रेशर कमी करणारा) टाकला आणि सकाळी सड्यावरच्या मोकळ्या रस्त्यावर नेऊन ब्रेक मारत बसलो. मित्र कडेला उभा राहून ओरडायचा, "मागचं आधी!" की मी अजून थोडा पिळायचो. पुढची चाकं आधी लॉक व्हायला लागेपर्यंत हेच. मागची आधी धरली तर ओल्या रस्त्यावर गाडी स्वतःभोवती फिरलीच समजा. हँडब्रेकची केबल सगळ्यात शेवटी, आधी पेडल मारून पॅड जागेवर येऊ द्यायचे. आधीच ताणली तर लिव्हर पूर्ण मागे येत नाही आणि कॅलिपरचं सेल्फ ॲडजस्ट चालत नाही.

ब्रेक ऑइल आता दर पावसाळ्यानंतर बदलतो. नवीन डॉट ३ दर्जाचं ऑइल किमान २०५ डिग्रीपर्यंत उकळत नाही, पाणी शोषलेल्याला तीच हमी १४० ची, आणि आमच्या हवेत मीठसुद्धा डब्यात दगड होतं. कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या स्लाइड पिनाही तेव्हाच काढून ग्रीस करायच्या, नाहीतर खाऱ्या हवेने जाम.

यंदा जुलैत चौकातल्या पाण्यातून काढली, पहिल्या ब्रेकला खरखर झाली आणि दुसऱ्याला धरली. हँडब्रेक मात्र ड्रमच्या मानाने मऊच आहे, घरासमोरच्या घाटीवर मी अजून चाकामागे चिरा लावतो. आईने तो गेटपाशी वेगळा ठेवलाय, कोणाला त्यावर बसू देत नाही.