३८० ओहमने खाल्लेले दोन महिने

आबांच्या व्हॉल्व्हच्या (काचेच्या नळ्यांच्या) रेडिओचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर, म्हणजे व्हॉल्व्ह आणि स्पीकर यांना जोडणारा, गेला होता. प्रायमरी (व्हॉल्व्हच्या बाजूची तार) ओपन, म्हणजे तुटलेली. जुन्या स्पीकरचा कागदही फाटला होता, म्हणून घरात पडलेला ८ ओहमचा लावला. कंडेन्सर, नवा ईएल ८४ (स्पीकरला आवाज देणारा व्हॉल्व्ह), ही कामं आठवड्यात उरकली. ट्रान्सफॉर्मरने मात्र दोन महिने खाल्ले.

पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या एका दुकानात मागितला. काउंटरवरच्याने खोक्यातून एक काढून दिला, "पाच के आहे, बिनधास्त लावा." पाच के म्हणजे पाच हजार ओहम, पण कितीच्या स्पीकरला? हे विचारायचं असतं हे मला ठाऊक नव्हतं, आणि त्यानेही सांगितलं नाही. तो राग अजून गेलेला नाही.

लावला. आवाज आला, पण जरा वाढवला की फाटायचा. घरी मीटर लावला तर प्रायमरी ३८० ओहम. पाच हजार कुठे, तीनशेऐंशी कुठे! तावातावाने परत गेलो. "साहेब, मीटरवर असंच दिसतं," एवढंच उत्तर. बरोबर होतं हो, पण का ते सांगायला काय जातं? मी पुन्हा कंडेन्सर बदलले, व्हॉल्व्ह बदलला, कॅथोडचा रेझिस्टर बदलला. आवाज फाटतोच आहे.

शेवटी कागद घेऊन बसलो. मीटर दाखवतो तो नुसता तांब्याच्या तारेचा रेझिस्टन्स. व्हॉल्व्हला दिसतो तो स्पीकरच, ट्रान्सफॉर्मरमधून मोठा होऊन. मग १२ व्होल्टचा छोटा ट्रान्सफॉर्मर प्रायमरीला जोडला, रेडिओ बंद आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर पूर्ण सुटा करून. प्रायमरीवर १२.६ व्होल्ट, सेकंडरीवर (स्पीकरच्या बाजूला) ०.३५. म्हणजे रेशो, दोन्ही बाजूंच्या व्होल्टेजचं प्रमाण, ३६ ला १. (उलट जोडू नका, सेकंडरीला १२ दिले तर दुसऱ्या टोकाला चारशेच्या वर निघतात. मी ते करता करता वाचलो.)

आता ३६ चं काय करायचं? समजा ४ ओहमच्या स्पीकरवर ४ व्होल्ट आहेत, तर त्यातून १ अँपिअर जातो. प्रायमरीवर व्होल्टेज ३६ पट, १४४. करंट मात्र छत्तिसावा भाग, साधारण २८ मिलिअँपिअर. भागाकार केला की ५,१८४ ओहम. व्होल्टेज ३६ पट वाढतं आणि करंट ३६ पट घटतो, म्हणून स्पीकरच्या ४ ला ३६ च्या वर्गाने गुणायचं. ईएल ८४ च्या डेटाशीटमध्ये २५० व्होल्टला ५.२ के लोड (व्हॉल्व्हला दिसायला हवेत ते ओहम) दिलाय. जुळलं!

माझा स्पीकर ८ चा, म्हणजे व्हॉल्व्हला दिसत होते १०,३६८. दुप्पट. बिचाऱ्याचं व्होल्टेज आधीच संपत होतं, करंट वापरायची वेळच येत नव्हती. मालात खोट नव्हतीच, ट्रान्सफॉर्मर ४ ओहमच्या स्पीकरसाठी होता. ८ ओहमला सुमारे २५.५ चा रेशो लागला असता.

गाडीतले स्पीकर बहुतेक ४ ओहमचे असतात, तसला एक आणून लावला (मीटरवर ४ पेक्षा थोडं कमीच दिसेल, घाबरू नका). आबांनी विविध भारती लावून आवाज पार चढवला, तरी फाटला नाही.

आणि हो, स्पीकर सुटलेला असताना रेडिओ चालवू नका. सेकंडरी उघडी पडली की व्हॉल्व्हला लोडच राहत नाही आणि प्रायमरीवर भलतंच व्होल्टेज उसळतं. आबांचा जुना ट्रान्सफॉर्मर असाच गेला असणार, असा माझा संशय. आबा म्हणतात, स्पीकरची वायर तूच लहानपणी उपटायचास.