सातबाऱ्यावरचे ‘पड’

ठाण्यातल्या आमच्या सोसायटीच्या गच्चीवर सौर पॅनेल बसवावेत म्हणून मी सर्वसाधारण सभेत दोन वर्षे भांडलो होतो. गावाकडच्या सौर प्रकल्पाविरुद्ध पहिली लेखी हरकत मात्र माझीच गेली, आणि ही गोष्ट माझ्या चुलतभावाने मला अजून माफ केलेली नाही.

आमची जमीन भातसा धरणाच्या उजव्या कालव्याखाली येते. पावसाळ्यात कर्जत-3 भात, कापणीनंतर उरलेल्या ओलीवर वाल आणि कालव्याला पाणी सुटले की भेंडी, असे तिचे वर्ष असते. सातबारा सामाईक आहे, वाटप झालेले नाही. व्यवहार हा चुलतभाऊ, म्हणजे दादा, पाहतो आणि प्रत्यक्ष राबते ते अर्धेलीने, म्हणजे निम्म्या पिकाच्या वाट्यावर, जमीन कसणारे एक कातकरी जोडपे. फेब्रुवारीत एका साखरपुड्यासाठी गेलो असता चावडीच्या फळ्यावर फेरफाराची, म्हणजे जमिनीच्या हक्कनोंदीतल्या बदलाची, नोटीस दिसली. आमच्या आणि शेजारच्या गटांतली मिळून सुमारे 22 एकर जमीन 5 मेगावॅटच्या प्रकल्पासाठी एका खासगी कंपनीकडे 29 वर्षे 11 महिन्यांच्या भाडेपट्ट्याने जाणार होती. हरकतीची मुदत 15 दिवसांची असते. त्यांतले नऊ उलटून गेले होते.

मोठा प्रकल्प म्हटल्यावर जनसुनावणी होईल आणि तिथे बोलता येईल, अशी माझी समजूत होती. ती पहिल्याच दिवशी एका वकील मित्राने दूर केली. पर्यावरणीय पूर्वमंजुरीची 2006 ची जी अधिसूचना आहे, तिच्या कक्षेत सौर प्रकल्प येत नाहीत, त्यामुळे त्या मार्गाने होणारी जनसुनावणीही इथे नसते. आमच्या हाती उरली ती फेरफारावरची हरकत आणि ग्रामसभा.

कंपनीच्या अर्जाची नक्कल मिळवली, तेव्हा तीत आमच्या जमिनीचे वर्णन ‘पडीक व अनुत्पादक’ असे होते. संताप आला, पण सातबारा काढून पाहिला तर पिकांच्या रकान्यात खरोखरच ‘पड’ लिहिलेले. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली आणि शेतात उभे राहून, फोटो काढून पिकाची नोंद मोबाइलवर करण्याचे काम शेतकऱ्याच्याच गळ्यात आले. दादाने ते एकाही हंगामात केले नव्हते. आमची भेंडी वाशीच्या बाजारात विकली जात होती आणि कागदोपत्री त्या जमिनीत गवताखेरीज काही उगवत नव्हते. मागच्या हंगामांच्या नोंदी ॲपवरून दुरुस्त होत नाहीत, हे संबंधित कार्यालयात तीन खेपा घातल्यावर एका कारकुनाने सांगितले. पहिल्या दोन खेपांना ‘साहेब दौऱ्यावर आहेत’ एवढेच ऐकायला मिळाले होते.

मग पुरावे गोळा करण्याचे काम सुरू झाले. पाणीपट्टीच्या पावत्या दादाच्या पत्नीने, म्हणजे आमच्या वहिनीने, तांदळाच्या पिंपामागच्या पत्र्याच्या डब्यातून काढून दिल्या, आणि त्याही दादा घरात नसताना. त्यांच्याबरोबर आडत्याच्या पट्ट्यांचा एक गठ्ठा होता. दर पट्टीवर तारीख, भेंडीचे वजन, दर, तोलाई आणि हमाली, सगळे पेन्सिलीने लिहिलेले. काहींवर पाण्याचे डाग पडले होते, पण आकडे वाचता येत होते. त्यांच्या प्रती जोडून सहहिस्सेदार या नात्याने मी मुदतीच्या आदल्या दिवशी हरकत दाखल केली आणि उभ्या पिकाचा पंचनामा मागितला. पंचनामा मार्चअखेर झाला. पंच बांधावर उभे असताना ते कातकरी जोडपे भेंडी तोडतच होते, आणि भाडेपट्ट्यात आपल्या वाट्याला काय, हे त्यांनी कुणाला विचारले नाही. त्यांच्या वाट्याला काही नव्हतेच.

दादाची बाजू मी इथे झाकणार नाही. सरकारच्या सौर कृषी वाहिनी योजनेत हेक्टरी वर्षाला 1 लाख 25 हजार रुपये भाडे आणि त्यात दरवर्षी 3 टक्के वाढ आहे. कंपनीने त्याच हिशेबाने बोलणी केली होती. अवकाळीने एकदा भेंडी झोडपली की वर्षाचे गणित कसे बसते, हे मला ठाण्यात बसून कळणारे नव्हते. “तुझ्या गच्चीवर पॅनेल चालतात, माझ्या शेतात चालत नाहीत होय?” असे तो मला चारचौघांत म्हणाला, आणि उत्तर द्यायला मला वेळ लागला. माझे म्हणणे जागेपुरते होते. आमची खाचरे उतरणीवर एकाखाली एक आहेत. वरच्या खाचराचे पाणी बांधावरून खाली उतरते, म्हणून शेवटच्या खाचरात भात होतो. मधली जमीन सपाट करून कुंपण घातले, तर ज्यांनी सही केलेली नाही त्यांचेही भात मरते. टेकडीकडची वरकस, म्हणजे भात न होणारी हलकी जमीन मोकळी आहे, तिथे प्रकल्प जावा, एवढेच मी लिहून दिले होते.

1 मेच्या ग्रामसभेला गणपूर्तीसाठी 100 मतदार किंवा एकूण मतदारांच्या 15 टक्के, यांतली कमी संख्या लागते. ती कशीबशी भरली. माझे मतदान ठाण्यात असल्याने मला हात वर करता आला नाही. मी मागे भिंतीला टेकून उभा राहिलो. प्रकल्प वरकस जमिनीवर न्यावा असा ठराव झाला. त्याने कंपनीवर कितपत बंधन येते हा प्रश्न आहे, पण तो इतिवृत्तात लिहिला जाईपर्यंत आम्ही चौघे ग्रामसेवकाच्या टेबलाभोवतीच थांबलो.

जूनमध्ये मंडळ अधिकाऱ्यांनी फेरफार नामंजूर केला. वाटप झालेले नसताना ठरावीक खाचरे दादाने एकट्यानेच भाड्याने दिली, हे कारण त्यांनी दिले. पिकाचा उल्लेख निकालात एका ओळीचा आहे. कंपनीने प्रांताधिकाऱ्यांकडे अपील केले आहे आणि पुढची तारीख दिवाळीनंतरची आहे. दादाने आता वाटपाचा अर्ज केला आहे, आणि तो त्याचा हक्कच आहे. मी ऑगस्टमध्ये लावणी झालेल्या खाचरात उभा राहून भाताची नोंद केली. नेटवर्क नसल्याने फोटो मोबाइलमध्येच अडकला, तो शहापूरच्या स्टँडवर आल्यावर वर गेला.